कैसराचा रूळ

केझबान छपरावर रूळ ओढत होती तेव्हा मामलेदाराची जीप गावाखालच्या ओढ्यात रुतली. वरून सगळं दिसत होतं. गावचा पाटील, म्हणजे मुख्तार हुर्शित, पाटलोण गुडघ्यापर्यंत खोचून गाडी मागून रेटत होता आणि साहेब आत बसून बोटानं दिशा दाखवत होता. केझबानला बरं वाटलं. एखाद्या दिवसाची सुरुवात अशी चांगली होते.

ती पुन्हा कामाला लागली. मातीच्या छपराचं काम पाऊस लागण्याआधी उरकावं लागतं. वाशांवर बोरूचा थर, त्यावर माती, मातीत भुसा आणि जाडं मीठ, आणि मग त्या सगळ्यावरून दगडी रूळ. रूळ फिरला नाही तर छप्पर म्हणजे डोक्यावर रचून ठेवलेला चिखल. तिचा रूळ म्हणजे कुठल्या तरी जुन्या खांबाचा मोडका तुकडा होता, मिठीत जेमतेम मावेल एवढा. त्याच्या अंगावर खोल कोरलेली अक्षरं होती आणि दोन्ही टोकांच्या भोकांत ओढायचा लाकडी दांडा अडकवलेला होता. तिच्या आजेसासऱ्याच्याही आधीपासून तो घरात होता. ती अक्षरं कुणी कोरली हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ज्यानं कोरली त्यानं तरी तिला कुठं विचारलं होतं?

खाली अंगणात सून सेनेम गहू उकडत होती. पोट पुढं आलेलं, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात लाकडी फावडं. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते.

"आई, सरकार आलं," ती म्हणाली.

"येऊ दे. तू कढई हलव, खाली लागंल."

त्या वर्षी अंकाऱ्यात नवा पक्ष गादीवर आला होता आणि त्याच्या शेपटाला धरून कसब्यात नवा मामलेदार आला होता. सुआवी साहेब. तरुण, मिशी पातळ, बोटांना चिखल लागला तर रुमालानं एकेक बोट वेगळं पुसणारा. त्याच्याबरोबर कसब्याच्या शाळेतले रेफिक मास्तर होते. मास्तर शिडी चढून वर आले, केझबानकडे न बघता रुळापाशी गुडघ्यांवर बसले आणि रुमालानं माती पुसू लागले. कित्येक पिढ्यांनी घासलेल्या दगडाला आता हे पुसत होते.

"साहेब!" मास्तर वरून ओरडले. "कैसर आहे! रोमचा कैसर!"

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हा रस्ता मी बांधला."

"कुठला रस्ता?" केझबाननं विचारलं.

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "हाच की आजी. तुमच्या गावाचा. ओढ्यातून येतो तो."

"ह्यो? ज्यात तुमची गाडी रुतली त्यो?"

मास्तर पुन्हा माती पुसू लागले. खाली दुरमुशला, म्हणजे तिच्या मुलाला, हसू आलं, आणि मुख्तारानं डोळे वटारताच ते त्यानं गिळलं. दुरमुश तसाच होता. सैन्यात जाऊन आला होता, पण घरी येताना भीती बरोबर घेऊन आला होता.

मामलेदारानं बेत सांगितला. ऑक्टोबरअखेर, प्रजासत्ताक दिनाला, कसब्याच्या चौकात एक चौथरा उभा राहणार. या इलाख्यावर जेवढी राज्यं होऊन गेली तेवढ्यांचा एकेक दगड त्यावर ओळीनं उभा करायचा. सगळ्यात शेवटी सिमेंटचा नवा खांब, आपल्या सरकारचा. लोकांना इतिहास कळला पाहिजे. रोमचा दगड काही सापडत नव्हता, तो आज सापडला.

"आन् माझं छप्पर?" केझबान म्हणाली. "पाऊस आला की लगीच रूळ फिरवावा लागतो. पोटुशी सून हाय घरात."

"छपराला आता माती कशाला, आजी? सरकारचा पत्रा येतोय. पहिला तुम्हाला देऊ."

"ऐकलंस का आजे?" मुख्तार शिडीला धरून म्हणाला. "पत्रा! आगं नशीब उघडलं तुजं!"

"साहेब," केझबान म्हणाली, "सुलतानाची मानसं आली तवा आमची खेचरं न्हेली. म्हनाली, परत देऊ. मंग माजा नवरा न्हेला. म्हनाली, परत देऊ. मंग फ्रेंच आले, त्यांनी गवत न्हेलं. पर ते बरे, ते परत देऊ म्हनाले न्हाईत. मंग अंकारेवाल्यांनी डोईवरच्या टोप्या न्हेल्या आन् हॅट घाला म्हनाले. साऱ्या गावात एकच हॅट आली. ज्याला कसब्याला जायचं त्यानं ती घालून जायचं आन् आल्यावर दुसऱ्याच्या डोक्यावं ठेवायची. ह्या हुर्शितच्या बापाला तिच्यातनंच उवा झाल्या. आता तुमी आलाय. न्यायचा तर न्या, पर परत देऊ म्हनू नगा."

"म्हातारीची जीभ लांब आहे," मामलेदार मुख्ताराला म्हणाला.

"डोकं चळलंय साहेब. वय झालं."

चळलेल्या डोक्याच्या म्हातारीचा रूळ मग छपरावरून खाली सोडण्यात आला. सोडण्यात आला म्हणजे ढकलण्यात आला. पडताना त्यानं वळचणीचा कोपरा बरोबर नेला आणि अंगणात वाळत घातलेल्या गव्हात जाऊन रुतला. सेनेम वाकून गव्हातले खडे वेचू लागली. दुरमुशनंच गाडी जुंपली, कारण बैल त्याचे, गाडी त्याची, आणि मान सरकारचा. तांबडा आणि पांढरा हे दोन बैल करकरणारी गाडी ओढत ओढ्याकडे निघाले. मामलेदाराची जीप चिखलातून बाहेर ओढायलाही तेच लागले.

दुसऱ्या दिवशी दुरमुश परत आला तेव्हा त्याच्या टाचांना फोड आले होते.

"साहेबांनी पाठीवर थाप मारली," तो म्हणाला.

"बघू. फीर," केझबान म्हणाली. "काय उमटलंय का? न्हाई? मंग जेव आता."

पाऊस आला. आधी बारीक, मग थांबून थांबून, जसा त्या डोंगरात येतो तसा. माळवदाच्या मातीला पाऊस नवा नसतो, पण उघडीप पडली रे पडली की तासाभरात रूळ फिरला पाहिजे. माती फार ओली असेल तर रुळाला चिकटून वर येते आणि सुकली तर भेगा तशाच राहतात. त्या तासाभरात साऱ्या गावाच्या छपरांवर घरघर सुरू व्हायची. फक्त केझबानचं छप्पर गप्प असायचं.

शेजारची एशे चांगली बाई होती. तिनं आपला रूळ दिला, पण स्वतःचं छप्पर झाल्यावर. तोवर केझबानची माती कडक झालेली असायची. मग केझबाननं लाकडाचा ओंडका फिरवून पाहिला. ओंडका हलका, वरून नुसता टुणटुणत गेला. शेवटी ती आणि दुरमुश पायांनी माती तुडवू लागले. दोघं हातात हात घालून छपरावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थयथय करायचे आणि खालून पोरं हसायची. केझबानच्या गुडघ्यांना सूज आली. पहिली गळती सेनेमच्या अंथरुणावर लागली, दुसरी पिठाच्या कणगीवर. घरात होती नव्हती ती सगळी भांडी जमिनीवर मांडली गेली, आणि स्वयंपाकाला एक तवा उरला.

"पत्रा कधी येतोय?" केझबान रोज मुख्ताराला विचारायची.

"येतोय. निघालाय."

"चालत येतोय का?"

प्रजासत्ताक दिनाला सगळ्या गावांनी कसब्यात हजर राहायचं असा हुकूम होता. केझबान गेली, कारण तिला पत्रा बघायचा होता. चौकात चौथरा उभा होता. कुठल्या तरी खेड्यातून आणलेलं सिंहाचं अर्धं तोंड, मग तिचा रूळ, मग क्रूस कोरलेला दगड, मग सुलतानाच्या पाणपोईची फरशी, आणि शेवटी सिमेंटचा गुळगुळीत खांब. तिचा रूळ उभा केला होता. बूड सिमेंटात गाडलेलं. आयुष्यभर लोळत काम केलेला दगड उभा केल्यावर बिनकामाचा दिसत होता, जसे काम नसलेले सगळेच दिसतात.

मामलेदारानं भाषण केलं. इथं रोम आलं आणि त्यानं रस्ते दिले. मग कुस्तुंतुनियाचे बादशहा आले आणि त्यांनी धर्म दिला. मग सेल्जुक तुर्कांनी शौर्य दिलं, उस्मानी सुलतानांनी न्याय दिला. केझबान प्रत्येक राज्याला शेजारी उभ्या एशेच्या कानात काहीतरी पुटपुटत होती आणि एशे पदरात तोंड खुपसून हसत होती. "समदे देतच आले," केझबान म्हणाली, "मग आपल्या घरात कसं काय न्हाई ऱ्हायलं?"

"आणि आता," मामलेदार म्हणाला, "आता जनतेचं राज्य."

टाळ्या वाजल्या. मुख्तार हुर्शितनं इतक्या जोरात वाजवल्या की पुढच्या रांगेतल्यांनी मागं वळून पाहिलं.

भाषण संपल्यावर केझबान रुळापाशी गेली. कैसराच्या अक्षरांखाली जी थोडी कोरी जागा होती तिथं नवीन, पांढरी धूळ लागलेली अक्षरं होती.

"ह्ये काय कोरलंय?" तिनं दुरमुशला विचारलं.

दुरमुशनं सैन्यात शिकलेली अक्षरं एकेक करून लावली. "या... इलाख्याला... रस्ते... देणारा... सुआवी."

केझबाननं त्या नावावरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग म्हणाली, "ह्यो बी रस्तेवाला."

पत्रा तिला परतीच्या वाटेवर दिसला. कचेरीमागं जीपला नवा आडोसा उभारला होता आणि त्याच्या डोक्यावर नवा कोरा पत्रा चकचकत होता. पाऊस त्यावर ताडताड वाजत होता आणि खाली जीप ठणठणीत कोरडी उभी होती.

"सरकारी गाडी हाय आजे," मुख्तार म्हणाला. "गंजंल ना."

"आन् माजी सून?"

"सून कशी गंजंल?"

केझबान त्याच्या पायाशी थुंकली. नंतर पुष्कळ दिवस मुख्तार सांगत फिरायचा की म्हातारीला खोकला झालाय.

मग हिम पडलं. लाकडी फावड्यांनी केझबान आणि दुरमुश छपरावरून हिम खाली ढकलत राहिले, हातांची बोटं निळी पडेपर्यंत. एका पहाटे हिमावर पाऊस आला. सगळं पाणी मातीत शिरलं, माती फुगली, आणि उजाडताना गोठ्याच्या बाजूचं छप्पर एकदम खाली बसलं. आवाज मोठा नव्हता. थकलेला माणूस बाकावर बसतो तेवढाच.

पांढरा बैल दाराशी होता म्हणून वाचला. तांबड्याच्या पाठीवर वासा पडला होता. मागचे पाय गेले होते, पुढच्या पायांवर तो उठायला बघत होता आणि चिखलात त्याचं तोंड पुन्हा पुन्हा आपटत होतं. तो मरण्याआधी गळ्यावर सुरी फिरवली नाही तर मांसही हराम झालं असतं. दुरमुशला सुरी धरवेना. केझबाननं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, बिस्मिल्ला म्हटलं, आणि दोघांनी मिळून ते केलं. दुरमुश बैलाच्या मानेवर कपाळ टेकून रडला. केझबान रडली नाही. तिच्या पोटात राग इतका होता की रडण्याला जागाच नव्हती.

दुपारी मुख्तार आला. त्यानं च्यक् च्यक् केलं, मांसाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दुरमुश, एक मांडी साहेबांकडं धाड. पत्र्याचं काम लवकर हुईल."

"शिंगं धाडते," केझबान म्हणाली. "साहेबाला तीच कमी हायेत."

आठवड्यानंतर खरंच पत्रा आला. एक. कडेला वाकलेला, मध्ये खिळ्यांची भोकं पडलेला, कुठल्या तरी जुन्या शेडवरून काढलेला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथं तर झोपाही धड नव्हता. केझबाननं तो पत्रा शेणाच्या ढिगावर झाकला. शेण कोरडं राहिलं.

राहत्या खोलीचा वासाही वाकला होता, म्हणून सगळे एशेच्या घरी राहायला गेले. परक्याच्या घरी राहणं म्हणजे रोज थोडं थोडं लहान होणं. केझबान सगळ्यांच्या आधी उठून एशेची भांडी घासायची, चुलीतली राख काढायची, आणि जेवताना पोट भरलं असं आधीच सांगून टाकायची. सेनेमला तिथंच मुलगी झाली. बाळंतीण पडद्याआड, पडद्याच्या अलीकडे एशेची माणसं. एशे तोंडानं काही बोलली नाही, पण एके दिवशी तिच्या नवऱ्यानं विचारलं, "वसंतात काय इचार हाय तुमचा?" केझबान म्हणाली, "छप्पर घालतो." आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. म्हाताऱ्या अंगाला लाज वाटते का, तर वाटते. तरण्यापेक्षा जास्त वाटते.

तिनं आणि दुरमुशनं नवे वासे तोडले, बोरू कापला, माती वाहिली. सगळं झालं, रूळ तेवढा नव्हता.

हिम वितळू लागलं तेव्हा मुख्तार धावत आला.

"आजे! सुआवी साहेबांची बदली झाली!"

"का रं? समदे रस्ते दिऊन झाले?"

"नवीन साहेब आलेत. लई कडक. ते म्हनाले, चौकात ह्ये काफरांचे दगड कशाला? कारंजं हुनार हाय तितं. ज्याचा दगड त्यानं आपल्या खर्चानं उचलून न्यायचा. न्हाई न्हेला तर दंड."

केझबान पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं. चोरी त्यांनी करायची आणि चोरीचा माल परत न नेल्याबद्दल दंड आपण भरायचा. इतक्या राज्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

एका बैलानं गाडी ओढली जात नाही. म्हणून ती आणि दुरमुश रुळाचा जुना दांडा खांद्यावर टाकून पायी कसब्याला गेली. सिंह, क्रूस, पाणपोईची फरशी, सगळे चौथऱ्यावरून खाली ओढून एका ढिगात टाकले होते. नव्या सरकारचा सिमेंटचा खांबही त्यातच आडवा पडला होता, कारण तो जुन्या साहेबाचा होता. दुरमुशनं घणाचे घाव घालून रुळाच्या बुडाचं सिमेंट फोडलं. दांड्याच्या खुंट्या भोकांत बसल्या. केझबाननं एका बाजूला खांदा लावला, दुरमुशनं दुसऱ्या.

"एवढं लांब ओढीत न्यायचा, आई?"

"ह्यो रस्ता त्यानं बांधला म्हनत्यात. बघू तरी त्याला जमतंय का."

रूळ निघाला. कसब्याची फरसबंदी संपली आणि मऊ, काळा, वितळलेल्या हिमाचा चिखल सुरू झाला. दुरमुशनं सहज मागं वळून पाहिलं आणि थांबला. मागं चिखलात अक्षरं उमटली होती. प्रत्येक फेऱ्याला कैसर उलटा उमटत होता, आणि कैसराखाली सुआवी. रस्ते देणारा, रस्ते देणारा, रस्ते देणारा, दिसेल तिथवर.

"आई, बघ की."

केझबाननं बघितलं. मागून एक मेंढपाळ कळप घेऊन येत होता. मेंढ्या खाली मान घालून कैसरावरून आणि मामलेदारावरून चालत आल्या, जाताना लेंड्या टाकत गेल्या, आणि मग रस्ता पुन्हा नेहमीसारखा झाला.

"ओढ," ती म्हणाली. तांबडा गेल्यापासून जे डोळ्यांत आलं नव्हतं ते आता आलं, आणि दोन्ही हात दांड्यावर असल्यानं पुसता येईना. ती तशीच ओढत राहिली.

ओढ्यात दोघांना कमरेएवढ्या पाण्यात शिरावं लागलं. चढावर दुरमुशच्या खांद्याची कातडी सोलली. गावात शिरताना एशेचा नवरा पुढं आला आणि त्यानं केझबानच्या बाजूचा दांडा आपल्या हातात घेतला.

नवं छप्पर झालं. वसंतातला पाऊस आला, थांबला, आणि गावाच्या छपरांवर घरघर सुरू झाली तेव्हा त्यात केझबानच्या रुळाचाही आवाज होता. खाली खोलीत सेनेम बाळाला पाजत बसली होती. तिनं सवयीनं अंथरुणाशेजारी भांडं ठेवलं होतं. बराच वेळ झाला तरी त्यात थेंब पडला नाही, तेव्हा तिनं ते उचलून चुलीवर चढवलं.

मुख्तार हुर्शित अंगणात येऊन वर बघत उभा राहिला.

"आजे, नवीन सायेब गावात यायचे हायेत."

"येऊ देत. ओढा हाय तितंच हाय."

"तसं न्हवं. त्यांच्या कानावं गेलंय की तुज्या दगडावं जुन्या सायबाचं नाव हाय. ते म्हनाले, नाव घासून टाका."

केझबाननं रूळ छपराच्या कडेपर्यंत आणला आणि वळवला. ओल्या मातीत सुआवीचं नाव तोंडघशी गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

"त्यास्नी सांग," ती वरून म्हणाली, "म्हातारी रोज घासती."